रिकाम्या फोल्डरची तक्रार

२०१८ साली विंडोज १० वापरणाऱ्या काही लोकांना आपल्या संगणकात एक जादा फोल्डर दिसायला लागलं. नाव 'डॉक्युमेंट्स', आत काही नाही. खरं डॉक्युमेंट्स दुसरीकडे सुखरूप होतं, हे नुसतंच त्याच्या नावाचं रिकामं खोकं. तसा त्रास काही नव्हता, पण डोळ्यांना खुपायचं. लोकांनी तक्रार केली. मायक्रोसॉफ्टने ती ऐकली आणि असली रिकामी फोल्डरं काढून टाकणारा कोड लिहिला. तो कोड ऑक्टोबरमध्ये ज्या अपडेटमधून बाहेर पडला, त्या अपडेटने काही जणांची भरलेली फोल्डरं साफ केली. कागदपत्रं, फोटो, गाणी, जे असेल ते.

यातली खरी चुटपुट लावणारी गोष्ट पुढे आहे. फाइली जातायत, हे काही लोकांनी अपडेट सगळ्यांना मिळण्याच्या कित्येक आठवडे आधी सांगितलं होतं. मायक्रोसॉफ्टनेच दिलेल्या तक्रारपेटीत त्यांनी ते लिहून ठेवलं होतं. कुणाचं लक्ष गेलं नाही.

मी पुण्यात क्यूएचं, म्हणजे सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. बीटा, म्हणजे लोकांना आधीच वापरून बघायला दिलेली कच्ची आवृत्ती, फसला, लोक भडकले, कंपनीने माफी मागितली, अशी बातमी दर दोन-चार महिन्यांनी येते आणि घरचे विचारतात, 'अगं, तुम्ही तपासता तरी काय मग?' त्या प्रश्नाचं उत्तर या रिकाम्या फोल्डरात बऱ्यापैकी सापडतं, म्हणून ते जरा सावकाश सांगते.

रंगीत तालीम, पण प्रेक्षकांच्या घरी

नाटकाच्या आधी तालमी होतात, मग रंगीत तालीम, मग शुभारंभाचा प्रयोग. सॉफ्टवेअरचं साधारण तसंच. घरातल्या घरात जे चालतं ते ॲल्फा. रंगीत तालमीला ओळखीपाळखीच्या लोकांना बोलावतात आणि 'काय खटकलं ते सांगा' म्हणतात, तो बीटा. फरक एवढाच, की रंगीत तालमीत सेट कोसळला तरी खुर्चीतल्या माणसाला काही होत नाही. बीटात रंगमंच तुमच्याच फोनमध्ये उभा केलेला असतो.

मग बोलवायचंच कशाला? कारण कंपनीच्या लॅबमध्ये हजार संगणक ठेवले तरी बाहेरचं जग तिथे आणता येत नाही. कुणाचा प्रिंटर बारा वर्षांचा आहे, कुणी सी ड्राइव्ह भरला म्हणून सगळं डी वर हलवलंय, कुणी लॉगिनचं नाव देवनागरीत ठेवलंय आणि त्यामुळे फाइलचा पत्ता वाचतानाच एखादं जुनं सॉफ्टवेअर अडखळतं. या प्रत्येक गोष्टीची दुसऱ्या प्रत्येक गोष्टीशी जोडी लावायला गेलं तर आकडा हाताबाहेर जातो. तेव्हा बीटा म्हणजे 'आम्हाला सुचल्या नाहीत त्या जोड्या तुम्ही आपोआप तपासा' अशी विनंती असते.

लोक ही विनंती समजूनही घेतात. एप्रिल १९९८ मध्ये बिल गेट्स मंचावर असताना विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चाललं होतं. स्कॅनर जोडला आणि पडद्यावर विंडोज कोसळल्यावर येणारा तो कुप्रसिद्ध निळा स्क्रीन आला. सभागृहात हशा पिकला, टाळ्या पडल्या. गेट्सनीही हसून घेतलं, की म्हणूनच आम्ही हे अजून विकायला काढलेलं नाही. ते विकायला आलं दोन महिन्यांनी, जूनमध्ये. अजून पक्कं नाही म्हटल्यावर माणसं माफ करतात. पण हा करार दोन बाजूंचा आहे: आम्ही कच्चं चालवून घेतो, तुम्ही आमचं ऐका. राग येतो तो दुसरी बाजू मोडली की.

फोल्डर नेमकं कसं गेलं

विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे काही ठरलेली फोल्डरं असतात. ती मुळात सी ड्राइव्हवर. सी लहान असेल तर आपण विंडोजला सांगू शकतो, की यापुढे डॉक्युमेंट्सचा पत्ता डी वर. विंडोज विचारतं, जुन्या फाइलीही हलवू का? काही लोक 'हो' म्हणतात. काही 'नको' म्हणतात, किंवा न वाचता काहीतरी दाबतात. (मी दुसऱ्या जातीची.) 'नको' म्हटलं की नव्या फाइली डी वर जातात आणि जुन्या सी वर तशाच पडून राहतात.

वाड्यातली खोली सोडून फ्लॅटमध्ये राहायला गेल्यासारखं समजा. पोस्टात नवा पत्ता दिला, पण आजीच्या दोन ट्रंका अजून वाड्यातच आहेत. नेऊ कधीतरी. पोस्टमनच्या लेखी तुमचं घर म्हणजे फ्लॅट. ट्रंकांचं त्याला काय माहीत?

२०१८ च्या एप्रिलमधल्या मोठ्या अपडेटनंतर अशा पत्ता बदललेल्या काही लोकांकडे जुन्या जागी नुसतंच रिकामं फोल्डर दिसू लागलं. त्यावरची तक्रार आपण वर पाहिली. मायक्रोसॉफ्टने पुढच्या अपडेटमध्ये ही रिकामी डुप्लिकेट काढायची व्यवस्था केली. त्याच सुमाराला अपडेट होताना कुठलं काम कोणत्या क्रमाने व्हायचं, त्यातही एक बदल झाला होता. दोन्ही बदल एकत्र आले आणि साफसफाई करणाऱ्या कोडने जुन्या पत्त्यावरची फोल्डरं आतल्या सामानासकट काढून टाकली. नवीन, चालू फोल्डर जागेवर राहिलं. रिकाम्या खोल्या पाडायला आलेल्या माणसाने ट्रंकांवरच घण घातला.

वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं इंटरनेटवर फाइली ठेवायचं ॲप, वापरणाऱ्या काही लोकांचंही असंच झालं. त्या ॲपने डॉक्युमेंट्सचा पत्ता क्लाउडकडे वळवला होता, पण त्याच्या जुन्या आवृत्तीने आधीच्या फाइली सोबत नेल्या नव्हत्या. या लोकांनी तर हाताने काही हलवलंच नव्हतं. आपण पत्ता बदललाय, हेही त्यातल्या कित्येकांना माहीत नसणार.

अपडेट २ ऑक्टोबर २०१८ ला आलं. सुरुवातीला ते आपोआप येत नव्हतं. सेटिंग्जमध्ये जाऊन 'अपडेट आहे का बघ' हे बटण जो दाबेल त्यालाच मिळत होतं. म्हणजे पहिला फटका बसला तो उत्साही मंडळींना. आठवडा उलटायच्या आत मायक्रोसॉफ्टने ते सगळ्यांसाठी थांबवलं. ९ ऑक्टोबरला विंडोजच्या अपडेट विभागाचे जॉन केबल यांनी कारणासकट सविस्तर खुलासा लिहिला, आणि दुरुस्त केलेली आवृत्ती आधी परीक्षकांना दिली. पुन्हा सर्वांसाठी अपडेट सुरू झालं १३ नोव्हेंबरला. त्या आवृत्तीचा क्रमांक होता १८०९, म्हणजे २०१८ चा नववा महिना. नववा महिना अकराव्यात उगवला.

त्या खुलाशात एक आकडा होता: फाइली गेल्याच्या तक्रारी एकूण इन्स्टॉलेशन्सच्या एका टक्क्याच्या शंभराव्या भागाइतक्या, म्हणजे ०.०१ टक्का. दहा हजारांत एक. ऐकायला नगण्य. पण तेव्हा विंडोज १० सुमारे ७० कोटी उपकरणांवर चालत होतं. अपडेट थांबवलं नसतं आणि प्रमाण तेच राहिलं असतं, तर सत्तर हजार घरांमध्ये कुणाच्या तरी फाइली गेल्या असत्या. शिवाय हा हिशोब तक्रार करणाऱ्यांचा. ज्याला आपलं जुनं फोल्डर गेल्याचं अजून कळलंच नाही, तो यात कुठे आहे?

ज्यांच्या फाइली गेल्या त्यांना कंपनीने सांगितलं, आमच्या सपोर्टला फोन करा आणि तोवर ते मशीन शक्य तितकं कमी वापरा. या दुसऱ्या सूचनेमागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. फाइल डिलीट होते तेव्हा ती लगेच पुसली जात नाही. वहीच्या अनुक्रमणिकेतून प्रकरणाचं नाव खोडलं जातं, पानं राहतात. त्या पानांवर नवीन काही लिहिलं गेलं नाही तोवर ती परत वाचता येण्याची आशा असते. आणि विंडोज नुसतं चालू ठेवलं तरी ते मागे काहीबाही लिहीतच असतं. नव्या एसएसडी डिस्क तर अशी मोकळी झालेली पानं स्वतःहून पुसून ठेवतात. त्यामुळे परत मिळण्याची हमी नव्हती.

सांगितलं होतं, मग ऐकू का गेलं नाही?

इथे मला खरं बोलायचंय.

मायक्रोसॉफ्टने ३० सप्टेंबर २०१४ ला 'इन्सायडर' नावाचा कार्यक्रम जाहीर केला. ज्याला हवं त्याने नाव नोंदवावं, येऊ घातलेलं विंडोज आधी वापरावं, अडचण आली तर त्यासाठीच्या ॲपमध्ये लिहावी, ज्याचं नाव पुढे फीडबॅक हब झालं. पुढे लाखोंनी लोक आले. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने १८,००० पर्यंत नोकऱ्या कमी करायचं ठरवलं होतं. त्यातल्या बऱ्याच नोकियाकडून आलेल्या होत्या, पण कोड लिहिणारे वेगळे आणि तपासणारे वेगळे ही जुनी व्यवस्थाही त्याच काळात मोडीत निघाली. टीकाकार या दोन गोष्टी जोडतात: पगारी तपासनीस घरी गेले, बिनपगारी बसवले. मी त्यांच्या बाजूने झुकते, हे उघड आहे. माझं पोट त्यावर चालतं. पण ही टीका पूर्ण नाही. कारण बिनपगारी तपासनीसांनी त्यांचं काम केलं होतं. बग सापडला होता. अडलं ते सापडलेलं वर पोचण्यात.

रोज येणाऱ्या हजारो तक्रारी माणूस एकेक करून वाचू शकत नाही. मग त्या लावायच्या कशा? सोपा उपाय म्हणजे मतं. तक्रार लिहा, ज्यांना तसाच अनुभव आलाय ते तिला अपव्होट देतील, जास्त मतांची तक्रार वर येईल. लोकशाहीच की. पण दहा हजारांत एकालाच येणाऱ्या अडचणीला मत देणार कोण? फाइली गेल्याच्या त्या नोंदींना हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मतं होती. त्याच वेळी एखाद्या आयकॉनचा रंग आवडला नाही ही तक्रार प्रत्येकालाच पटू शकते, कारण तो आयकॉन प्रत्येकाच्या समोर आहे.

कंपनीचे दुसरे कान म्हणजे मशीनमधून आपोआप जाणारी माहिती. ॲप कोसळलं, मशीन अचानक बंद पडलं, तर त्याची नोंद आपसूक पोचते. फाइल डिलीट होताना मात्र काहीच कोसळत नाही. संगणकाच्या दृष्टीने हुकूम सुटला, हुकूम पाळला गेला, काम फत्ते. सगळे दिवे हिरवे.

आणि तिसरी गोष्ट माणसांच्या स्वभावाची. बीटा घेणारी जाणती माणसं तो सहसा जुन्या, बाजूला ठेवलेल्या मशीनवर टाकतात. तिथे वर्षानुवर्षांचा पसारा नसतो, अर्धवट हलवलेली फोल्डरं नसतात, आजीच्या ट्रंका नसतात. एखाद्याचं काही गेलंच तर तो म्हणतो, बीटाच आहे, आपलंच काही चुकलं असेल. आणि गप्प बसतो.

आमच्या धंद्यात दोन शब्द आहेत, नवीन आलेल्या पोरांचा ज्यात हमखास गोंधळ होतो: सेव्हेरिटी आणि प्रायॉरिटी. सेव्हेरिटी म्हणजे घाव किती खोल. प्रायॉरिटी म्हणजे आधी काय निस्तरायचं. मुलाखतीत विचारतात, दोन्हींत फरक पडेल असं उदाहरण द्या. ठरलेलं उत्तर: वेबसाइटच्या पहिल्या पानावर कंपनीचंच नाव चुकीचं छापलंय. घाव काहीच नाही, पण दुरुस्त आत्ताच्या आत्ता. उलट उदाहरण: कुणी कधी वापरत नाही अशा पानावर, वर्षातून एकदा, सगळा डेटा उडतो. घाव जबर, पण रांगेत मागे.

मतं ही प्रायॉरिटी मोजायचं साधन आहेत. किती जणांना खुपतंय ते त्यांच्यातून कळतं. सेव्हेरिटी त्यांच्यातून कळत नाही. 'झालेलं परत आणता येईल का' हा एकच प्रश्न त्यासाठी पुरतो, आणि तो प्रश्न मतांच्या आकड्यात कुठेच नसतो. वेडावाकडा दिसणारा मेन्यू पुढच्या अपडेटने सरळ होतो. गेलेले बारशाचे फोटो होत नाहीत.

हे मायक्रोसॉफ्टलाही उमगलं. त्याच महिन्यात फीडबॅक हबमध्ये एक नवी सोय आली: तक्रार लिहिणाऱ्याने तिची तीव्रता आणि परिणामही सांगायचा. म्हणजे एकच मत असलेली तक्रारही 'माझा डेटा गेला' अशी खूण घेऊन वर येऊ शकेल. आणखी एक जुनी चूकही सुधारली. तेव्हा परीक्षकांच्या एकामागून एक पायऱ्या असत: फास्ट, मग स्लो, मग शेवटची रिलीज प्रिव्ह्यू, जिथे सर्वसामान्यांच्या जवळ जाणारी माणसं असत. १८०९ च्या वेळी ती शेवटची पायरी गाळूनच कंपनीने उडी मारली होती. २०१९ च्या मे महिन्यातल्या पुढच्या अपडेटला त्या पायरीवर मुद्दाम जास्त दिवस बसवलं, आणि ते घ्यायचं की नाही हेही वापरणाऱ्याच्या हातात बरंचसं ठेवलं.

काचेवरचा गलका

आता याच्या अगदी उलट प्रकार बघा. ९ जून २०२५ ला ॲपलने आयओएस २६, म्हणजे आयफोन चालवणारं नवं सॉफ्टवेअर, दाखवलं आणि त्याच दिवशी त्याचा पहिला डेव्हलपर बीटा, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीचा बीटा, बाहेर आला. 'लिक्विड ग्लास' असं नाव दिलेलं नवं रूप: बटणं, पट्ट्या, सूचना, सगळं काचेसारखं पारदर्शक. कंट्रोल सेंटर उघडलं की त्याच्या बटणांमधून मागचे ॲपचे आयकॉन आरपार दिसायचे. दोन थरांतली चित्रं एकमेकांत मिसळून वायफायचं बटण कुठलं आणि मागच्या कॅलेंडरचा आयकॉन कुठला, हे डोळे बारीक करून शोधावं लागे. लख्ख वॉलपेपरवर सूचनेची अक्षरं पुसट व्हायची.

काही तासांत त्याच्या स्क्रीनशॉटनी जग भरलं. थट्टा झाली, विनोद झाले, आणि गंभीर टीकाही झाली. साध्या आकाराचा मजकूर नीट वाचता यावा म्हणून अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात निदान ४.५ : १ इतका फरक असावा, असं वेबसाठीचं सर्वमान्य प्रमाण आहे. ज्यांची नजर अधू आहे त्यांच्यासाठी ही शोभेची बाब नाही. लोकांनी ते प्रमाण ॲपलच्या पडद्याला लावून दाखवलं.

हा आवाज एवढा मोठा का झाला, त्याचंही कारण आहे. पूर्वी डेव्हलपर बीटा मिळवायला वर्षाला ९९ डॉलर भरून डेव्हलपर म्हणून नाव नोंदवावं लागे. २०२३ पासून ॲपलने ती अट काढली. साधं ॲपल अकाउंट असलेला कुणीही पहिल्या दिवशीच कच्चा माल उचलू शकतो. रंगीत तालमीला आता अख्खी गल्ली येते, आणि येताना कॅमेरा घेऊन येते.

पुढे जे झालं ते बघायला गमतीचं होतं. २३ जूनला दुसरा बीटा: कंट्रोल सेंटरची मागची बाजू धूसर, गडद केली. ७ जुलैला तिसरा: बऱ्याच ठिकाणची काच दुधाळ झाली. वाचायला सोपं झालं, तर आता दुसरी फळी उठली, 'एवढी सुंदर काच घालवली की!' २२ जुलैला चौथा: काच पुन्हा बरीचशी पारदर्शक. दोन दिवसांनी तीच सर्वांसाठीच्या पब्लिक बीटात. १५ सप्टेंबरला पक्की आवृत्ती आली, तरी वाद मिटला नव्हता. शेवटी नोव्हेंबरमध्ये आयओएस २६.१ आलं आणि त्यात सरळ एक निवड दिली: काच स्वच्छ हवी की रंगाची छटा असलेली, तुमचं तुम्ही ठरवा.

काही जण याला ॲपलचा गोंधळ म्हणतात. मला तो बीटाचा बऱ्यापैकी चांगला उपयोग वाटतो. प्रश्न दिसण्याचा होता, उत्तर आवडीनिवडीत होतं, आणि आवडनिवड लॅबमध्ये बसून कळत नाही. लाखो डोळ्यांसमोर काच धरली, डोळ्यांनी सांगितलं. एकच खटकतं: नजर अधू असलेल्यांचा मुद्दा पहिल्याच दिवशी, आणि मतं न मोजता, समजायला हवा होता. पारदर्शकता कमी करायची सोय सेटिंग्जमध्ये आधीपासून होती, हे खरं. पण ती आहे हे ज्याला माहीत त्यालाच तिचा उपयोग.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होतं. डोळ्यांना दिसतं त्यावर गलका होतो आणि पंधरा दिवसांत बदल होतो. फोल्डरच्या पोटात घडतं त्यावर गलका होत नाही, आणि ते तसंच बाहेर पडतं. रिकामं फोल्डर दिसत होतं म्हणून त्याची तक्रार वर गेली. भरलेलं फोल्डर गायब झालं होतं, म्हणजे दिसायलाच काही उरलं नव्हतं.

जाता जाता त्या शब्दाबद्दलही. बीटा हा कधीकधी नुसता टीकेपासून वाचायचा रेनकोट असतो. जीमेल १ एप्रिल २००४ ला बीटा म्हणून आलं आणि ती पाटी उतरली ७ जुलै २००९ ला. पाच वर्षांहून जास्त काळ लोक त्यावर नोकरीचे अर्ज पाठवत होते, आणि ते आपले बीटाच. गेमच्या दुनियेत तर 'ओपन बीटा' ही बऱ्याचदा विक्रीआधीची जाहिरात असते. विक्रीला आठवडे उरलेले असताना मुळातून काय बदलणार? तिथे लोक चिडतात तेव्हा ते चुकत नाहीत. पाटी तालमीची लावायची आणि तिकीट प्रयोगाचं फाडायचं, हे चालत नाही.

तक्रार कशी लिहावी

बीटा घेतलाच असेल तर 'बकवास आहे, बॅटरी लगेच उतरते' एवढं लिहून काही होत नाही. बॅटरीचं तर विशेष. नवी आवृत्ती टाकल्यावर एक-दोन दिवस फोन मागे बसून फोटो, फाइली यांची नव्याने सूची करत असतो, आणि बीटात दोष शोधण्यासाठीच्या जादा नोंदीही चालू असतात. तेव्हा पहिल्या दिवशीची बॅटरीची तक्रार वाचणारा माणूस पुढे सरकतो. मीही सरकते.

वाचणाऱ्याला थांबवणारी तक्रार वेगळी असते. माझ्यासमोर एकदा आलेली, जवळपास अशी: 'फॉर्म भरताना मध्येच फोन आला. फोन कट करून परत आले. सेव्ह दाबलं. सेव्ह झालं असं आलं. यादीत बघितलं तर नोंद नाही. तीनदा केलं, तिन्ही वेळा. फोन आला नाही तर नीट होतं.' ना राग, ना विशेषणं. पण आधी काय होतं, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, परत करून पाहिलं का, हे सगळं त्यात होतं. डेव्हलपरकडे गेलं तर तो नेहमीप्रमाणे म्हणाला, 'माझ्या मशीनवर चालतंय.' मी त्याच्या समोर बसून त्याला फोन लावला. मग नाही चाललं.

काही नाहीसं झालं असेल, तर तेच पहिल्या वाक्यात लिहावं. 'अपडेटनंतर फोल्डर वेगळं दिसतंय' असं नको. 'माझ्या दोनशे फाइली गेल्या, परत मिळत नाहीत' असं. मतं किती पडतील याची वाट बघू नये.

आणि घ्यायच्या आधी बॅकअप. वेगळ्या डिस्कवर, जी काढून कपाटात ठेवता येते अशी. क्लाउडशी सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, कारण इकडे फाइल डिलीट झाली की सिंक इमानेइतबारे तिकडेही डिलीट करतं.

हे सगळं मला माहीत असताना मी गेल्या वर्षी माझ्या रोजच्या फोनवर एक बीटा टाकला. उत्सुकता, दुसरं काय. संध्याकाळी डेअरीत दूध आणि दही घेतलं, पैसे द्यायला ॲप उघडलं, तर ॲप म्हणालं, ही सिस्टीम ओळखीची नाही, सुरक्षेसाठी बंद. बँकांची ॲप्स बीटावर असं करतात, हे मी स्वतः चार जणांना सांगितलेलं. पर्समध्ये रोख वीस रुपये. मागे रांग. डेअरीवाले काका म्हणाले, 'राहू द्या ताई, उद्या द्या.' जुन्या आवृत्तीवर परत जायचं तर फोन पूर्ण पुसावा लागणार होता, आणि बॅकअप घेतलेला होता बीटा टाकल्यानंतरचा, जो जुन्या आवृत्तीला चालत नाही. पुढचा बीटा येईपर्यंत सतरा दिवस मी एटीएममधून नोटा काढत होते. तक्रार त्याच रात्री लिहिली होती. तिला दोन मतं पडली. त्यातलं एक माझ्या नवऱ्याचं.